पथ्याचे सोबती

दिवाळी अंकात पथ्याविषयी लिहायला बसणे हा तसा अरसिकपणाच. हे पान उघडेल तेव्हा आपल्या एका हातात अंक असेल आणि दुसऱ्या हाताशी चकलीची बशी. अशा वेळी समोरच्याने पेज, वरणाचे पाणी आणि मऊ भात यांच्या गोष्टी काढल्या तर त्याला कोण जवळ बसवून घेईल? पण वर्षभर दर आठवड्याला एकेक मराठी शब्द हाती घेऊन मी आपल्याशी गप्पा मारीत आलो, आणि दिवाळीला निदान आपल्या अनुभवातून तावूनसुलाखून निघालेला शब्द द्यावा अशी माझी इच्छा आहे. असा एकच शब्द सध्या माझ्यापाशी आहे. तो म्हणजे पथ्य.

शब्द मोठा गोड आहे. रुची मात्र अळणी. संस्कृत व्याकरणाप्रमाणे पाहिले तर त्याच्या पोटात 'पथ' आहे. जे वाटेला सोडून नाही ते पथ्य. धर्माला धरून असलेले ते धर्म्य, न्यायाला धरून असलेले ते न्याय्य, तसे वाटेला धरून असलेले ते पथ्य. अशी ही एका पंक्तीत बसणारी भावंडे आहेत. आपण मात्र त्याचा अर्थ 'काय खायचे नाही' एवढाच करून ठेवला आहे. 'तिखट सोडा, तेलकट सोडा, चहा सोडा.' सोडण्याचा शब्दच नव्हता तो, धरण्याचा होता. आणि वाट म्हटली की आणखी एक प्रश्न आपोआप येतो. या वाटेने आपल्याबरोबर कोण चालणार?

हा प्रश्न मला पुस्तकात सुचला नाही. तो २०२३ साली वसईच्या एका वाडीत, पडवीतल्या खाटेवर पडल्यापडल्या सुचला.

माझे कॉलेज त्या बाजूला. सौ. सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगराळ गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि कन्या तिच्याजवळ दहावीच्या वर्गात. त्यामुळे चूल दोन ठिकाणी. किंवा खरे सांगायचे तर चूल तिकडे आणि डबा इकडे. एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने मला वाडीत दोन खोल्या भाड्याने मिळाल्या होत्या. वाडी म्हणजे केळीची आणि नारळीची. मधे विहीर, आणि विहिरीभोवती सात-आठ घरे. घरे सगळी सामवेदी ख्रिस्ती मंडळींची. घरात आपापसात बोलताना त्यांची सामवेदी बोली, जिला कादोडीही म्हणतात. आणि माझ्याशी बोलताना शाळेत शिकलेली स्वच्छ मराठी. मी वारकऱ्याच्या घरचा, गळ्यात तुळशीची माळ. भाडे ठरवताना घरमालकीणबाईंनी माळेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सर, आमच्याकडं मासळी शिजते. वास चालेल ना?" मी म्हटले, "मावशी, वासाला माळ घातलेली नाही." त्या हसल्या आणि व्यवहार पुरा झाला. त्यांचे नाव मी इथे देत नाही. छापलेले त्यांना आवडायचे नाही. आपण त्यांना मावशीच म्हणू.

त्या वर्षी एप्रिलपासून माझे पोट कुरकुर करू लागले. जेवण झाले की उजव्या कुशीत, बेंबीच्या खालच्या अंगाला, कळ यायची. चार दिवस जुलाब, पुढचे चार दिवस कोठा गच्च. संध्याकाळी अंग किंचित तापायचे. एका डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी जंतांच्या. जुलैपर्यंत चौसष्ट किलोंचा मी एक्कावन्नवर आलो. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र माझ्या सैल झालेल्या पट्ट्याकडे पाहून दुर्बिणीची तपासणी सांगितली. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते त्या वळणावर व्रण होते आणि वाट अरुंद झाली होती. तिथला तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि निदान आले : आतड्याचा क्षय.

क्षय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खोकला येतो. पण रोबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये ज्या जंतूची ओळख जगाला करून दिली, तो फुप्फुसापुरता राहणारा नव्हे. हाडे, मेंदूची आवरणे, गाठी, आतडी, कुठेही तो बिऱ्हाड करतो. आतड्यात त्याची आवडती जागा हे वळणच. शिवाय त्याचे सोंग इतके बेमालूम असते की क्रोन नावाच्या निराळ्याच विकारापासून त्याला वेगळे काढताना भल्याभल्यांची परीक्षा होते. माझी छाती आणि थुंकी दोन्ही स्वच्छ निघाली, म्हणजे माझ्यापासून शेजाऱ्याला भय नव्हते. औषधे सहा महिन्यांची. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथाम्ब्युटॉल अशी चार. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. सगळी एकाच गोळीत बसवलेली, माझ्या वजनाला रोज चार गोळ्या, आणि सरकारी केंद्रातून फुकट. पोषणासाठी महिना पाचशे रुपयेही खात्यावर येत. ही योजना २०१८ साली सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम हजार झाली आहे.

डॉक्टरांनी एक अट घातली. आतड्याची वाट अरुंद आहे, ती कधी एकदम बंद झाली तर शस्त्रक्रिया करावी लागेल. तेव्हा निदान पहिले दोन-तीन महिने मोठ्या दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या आत राहायचे. सौ.च्या गावाहून तालुक्याचा दवाखानाच दीड तासावर. म्हणजे तिकडे जाण्याचा प्रश्न मिटला. ती पंधरा दिवस रजा काढून आली, आणि रजा संपल्यावर मुलीच्या अभ्यासासाठी तिला परतावे लागले. स्टेशनवर गाडी सुटताना ती खिडकीतून माझ्याकडे पाहत होती ती नजर मला अजून आठवते. तिला काय म्हणायचे होते ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. ज्याला धड उभे राहून कुकर लावता येत नाही, खाणावळीचा लाल तर्रीचा डबा ज्याला विषासमान आहे, तो माणूस एकटा खाणार काय?

इथे, वाचकहो, थोडा मागचा इतिहास सांगतो, कारण त्यावाचून पुढच्या गोष्टीचे मोल कळायचे नाही.

क्षयावर औषध नव्हते तेव्हा उपचार तीनच : मोकळी हवा, विश्रांती आणि चांगले अन्न. त्यासाठी आरोग्यधामे निघाली. आपल्याकडे या कामात ख्रिस्ती मिशनऱ्यांचा वाटा मोठा आहे. डॉ. विल्यम वानलेस यांचे मिरजेचे रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले. पुढे मिरज-सांगलीच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले, आणि ती वस्ती वानलेसवाडी या नावाने ओळखली जाऊ लागली. मराठी मुलखात 'वाडी' हा प्रत्यय एका परदेशी डॉक्टरच्या नावाला असा सहज चिकटला, यातच सगळे आले. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पाठोपाठ इतर औषधे आली. मग प्रश्न आला की औषध आहे तर रोग्याला घरापासून दूर आरोग्यधामात ठेवायचे कशाला? या प्रश्नाचे उत्तर मद्रासने दिले. १९५६ साली तिथे स्थापन झालेल्या केंद्राने काही रोग्यांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या गरिबीच्या, दाटीच्या घरात ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. साऱ्या जगाने हा धडा गिरवला. आरोग्यधामे ओस पडली आणि क्षयाचा उपचार घरी आला.

हा शोध भारताला भूषणावह आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत होती, आणि ती कुठल्याही तक्त्यात लिहिलेली नसते : रोग्याला घर आहे. घर म्हणजे भिंती नव्हेत. पहाटे पाणी उकळून ठेवणारे, गोळी घेतली का म्हणून विचारणारे, ओकारी झाली तर पाठीवर हात ठेवणारे कोणी तरी. उपचार घरी आला खरा. पण ज्याचे घर दोनशे-अडीचशे किलोमीटरवर आहे त्याने काय करावे?

सौ. गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास चर्चची घंटा झाली आणि पाठोपाठ मावशी दारात आल्या. हातात झाकलेले भांडे. "सर, गोळ्या घेतल्यात?" मी म्हटले, "घेतो." त्या उंबऱ्यापाशी तशाच उभ्या राहिल्या. मी गोळ्या गिळल्या, त्यांनी पाहिले, आणि मगच त्या गेल्या. ते भांडे अर्ध्या तासाने उघडायचे असे बजावूनही गेल्या, कारण या गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात हे त्यांना कोणी तरी सांगितले होते. भांड्यात पेज होती. जुन्या तांदळाची, भरपूर पाण्यात शिजवलेली, वर किंचित मीठ. कोकणपट्टीत जन्मलेल्या माणसाला पेजेचे कौतुक सांगायला नको. मी घाटावरचा, मला ती नवी होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा काही तरी पोटात गेले आणि पोटाने तक्रार केली नाही.

"कोणी तरी" म्हणजे कोण, ते चार दिवसांनी कळले. त्या धर्मग्रामात एक निवृत्त परिचारिका धर्मभगिनी होत्या. मावशींनी त्यांना आणले. सिस्टरनी माझी फाइल वाचली, गोळ्यांची पाकिटे उलटसुलट पाहिली आणि वहीच्या कागदावर दोन रकाने आखले. एका रकान्यात चालेल ते, दुसऱ्यात न चालेल ते. कोंडा, साल, बी आणि कच्चा पाला या चार गोष्टी अरुंद आतड्याला वर्ज्य. मऊ भात, मुगाचे वरण, भोपळा, साल काढलेला बटाटा, पिकले केळे, दही हे सारे चालेल. दिवसातून दोनदा पोटभर नाही, पाचदा थोडे थोडे. "आणि लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, तो गोळीचा रंग. डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं." एवढे बोलून त्यांनी तो कागद मला न देता मावशींना दिला. तो विहिरीलगतच्या घराच्या ओसरीवर दिनदर्शिकेच्या शेजारी टाचला गेला, आणि त्याखाली सात घरांनी सात वार वाटून घेतले.

हे इतके सहज कसे जमले याचे मला नवल वाटायचे. मग लक्षात आले की या मंडळींना त्याची सवय आहे. आजाऱ्याच्या घरी जाणे हा त्यांच्या धर्माचरणाचाच भाग. म्हाताऱ्याकोताऱ्यांना चर्चपर्यंत येता येत नसेल तर ख्रिस्तप्रसाद त्यांच्या खाटेपर्यंत नेतात. पॅरिसमध्ये १८३३ साली ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन सेंट व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने एक संस्था काढली. दुःखिताला मदत पाठवायची नाही, आपण त्याच्या घरी जायचे, हा तिचा मुख्य नियम. आज ती जगभर पसरली आहे. वाडीतले दोघे-तिघे तिचे सभासद होते. ते दोघादोघांनी यायचे, पंधरा मिनिटे बसायचे, क्रिकेटच्या गप्पा मारायचे आणि उठायचे. पोट कसे आहे हे विचारायचे शेवटी, जाता जाता. आजाऱ्याला सगळ्यात जास्त कंटाळा स्वतःच्या आजाराचा येतो, हे त्यांना कुठल्याशा अनुभवाने ठाऊक होते.

एक अडचण उभी राहिली ती माझ्या माळेमुळे. डॉक्टरांनी प्रथिने वाढवायला सांगितली होती, आणि सोपा मार्ग म्हणजे अंडी. मावशींनी विचारले. मी नाही म्हटले. मला वाटले, आता समजावणी सुरू होईल : औषध म्हणून घ्या, देवाला चालते, वगैरे. तसे काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी कागदावर सिस्टरच्या अक्षरात नवी ओळ आली : मुगाचे गाळलेले कढण, पनीर, दही, भाजून बारीक दळलेल्या डाळ्याची लापशी. आणि एक नवे कोरे पातेले आले. ते मासळीच्या चुलीवर चढायचे नाही असा वाडीत हुकूम सुटला. वारानुसार घर बदलले की पातेलेही घर बदलायचे. 'सरांचं भांडं' या नावाने ते सहा महिने वाडीभर फिरले. पोरे त्याला हात लावण्यापूर्वी हात धूत. सोवळ्याचे इतके प्रेमळ रूप मी जन्मात पाहिले नव्हते.

गावाकडे बातमी पोचलीच. एके दिवशी मामांचा फोन आला. "जपून रे बाबा. आज पेज देतील, उद्या डोक्यावर पाणी शिंपडतील." मी म्हटले, "मामा, पेजेत मीठ किती घालायचं हेसुद्धा मला विचारून घालतात." मामांची भीती अगदीच हवेतली होती असे मी म्हणणार नाही. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते, आणि त्या काळात सत्तेच्या जोरावर काय काय झाले ते इतिहासात नमूद आहे. चिमाजीअप्पांचा विजय आपण शाळेत पाठ केलेला आहे. पण इतिहासाचा हिशेब विहिरीवरच्या सात घरांकडून मागायचा नसतो. ती माणसे याच मातीतली, केळी लावणारी, माझीच भाषा बोलणारी. एम.ए.च्या वर्गात मी वर्षानुवर्षे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकवतो. १९०० साली बाप्तिस्मा घेतल्यावरही लक्ष्मीबाईंची मराठी, त्यांचा विनोद आणि त्यांचा स्वयंपाकघरातला जीव तसाच राहिला, हे मुलांना मी सांगत असे. ते वाक्य आता माझ्यापुढे रोज सकाळी पातेले घेऊन उभे राहत होते.

ऑक्टोबर हा त्यांचा जपमाळेचा महिना. संध्याकाळी मंडळी एकेका घरी जमतात आणि मरिआईची जपमाळ म्हणतात. मावशी एकदा अडखळत म्हणाल्या, "सर, तुमचं नाव आम्ही रोजच घेतो. एक दिवस तुमच्या पडवीत बसलो तर चालेल? नाही म्हणालात तरी राग नाही." मी म्हटले, "बसा की. तुमचं झालं की मी माझा हरिपाठ म्हणेन." तसेच झाले. त्यांनी पन्नास मणी ओढले, मी मग माझे अभंग म्हटले. दोघांच्याही हातातल्या वस्तूला मराठीत एकच नाव आहे, हे त्या दिवशी नव्याने ध्यानात आले. त्या प्रार्थनेने जंतू मेले असे माझे म्हणणे नाही. जंतू गोळ्यांनी मेले. मावशींचेही म्हणणे तसेच होते. घंटेबरोबर त्या रोज दारात येत त्या मी प्रार्थना केली की नाही ते पाहायला नव्हे, गोळी घेतली की नाही ते पाहायला.

कार्तिकी एकादशी आली, २३ नोव्हेंबरला. पोट बरे वाटत होते, वजन छप्पनवर आले होते. मी उपवासाचे बोलून दाखवले. मावशींनी भांडे खाली ठेवले. "आमच्यात राखेच्या बुधवारी न् गुड फ्रायडेला उपास असतो. पण आजाऱ्याला माफ. तुमचा पांडुरंग काय आमच्या पोपपेक्षा कडक आहे?" मी हसलो आणि मऊ भात जेवलो.

मला एका गोष्टीचे कोडे होते. क्षय हा शब्द आजही माणसे दबक्या आवाजात उच्चारतात. रोग लागत नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले तरी ताटवाटी वेगळी होते, लग्ने मोडतात, नोकरीत कुजबुज होते. मी मावशींना पहिल्याच दिवशी निदान सांगितले होते, कारण घर त्यांचे होते. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि "बरं" म्हणाल्या, एवढेच. डिसेंबरात एका संध्याकाळी, नाताळचा गोठा बांधायचे काम चालले होते तेव्हा, ओसरीवर सुपात तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "माझा थोरला भाऊ क्षयानं गेला. मी सात वर्षांची होते. विहिरीपलीकडं खोपी होती, तिथं त्याला ठेवलेलं. आई उंबऱ्यावर ताट ठेवून मागं फिरायची. मी एकदा ताट घेऊन आत गेले तर मार खाल्ला. तो आतून म्हणाला, जा गं, जा. तेवढंच त्याचं शेवटचं ऐकलं मी." त्यांचे हात थांबले नाहीत. "तेव्हा लोकांना भीती होती, आईचाही दोष नाही. पण तुम्ही जेव्हा सांगितलंत ना, तेव्हाच ठरवलं. सरांचं भांडं वेगळं राहील, त्यांच्या माळेसाठी. ताट मात्र आमच्यात."

आणि खरोखर, चालता येऊ लागल्यापासून रोज एक वेळ मी ज्या त्या घरच्या ओसरीवर जेवायला बसत असे. त्यांच्या ताटात भात-मासळी, माझ्या ताटात मुगाचे वरण; पण ओळ एकच. पोटाचा आजार माणसाला पहिल्यांदा पंगतीतून उठवतो. तो लग्नाला जात नाही, गेला तर बाजूला उभा राहतो, 'घ्या हो थोडं' म्हणणाऱ्यांना चुकवतो, आणि हळूहळू माणसांनाच चुकवू लागतो. त्या वाडीने मला पंगतीतून उठू दिले नाही. नाताळच्या रात्री घरच्या द्राक्षवाइनचे पेले भरले. या गोळ्यांवर मद्य म्हणजे यकृताला घात. माझ्यापुढेही तसाच काचेचा पेला आला, उकळून गार केलेल्या पाण्याचा. सगळ्यांनी पेला उचलला, मीही उचलला.

जानेवारी २०२४ अखेर औषधे संपली. पुन्हा दुर्बिणीने पाहिले. व्रण भरले होते, आतड्याची वाट मोकळी होत आली होती, काटा एकसष्टवर गेला होता. डॉक्टरांनी फाइलवर 'पूर्ण' असे लिहिले, तेव्हा सौ. आणि कन्या माझ्या बाजूला होत्या आणि मावशी बाहेर बाकावर. घरी आल्यावर मावशींच्या मुलाने सुकेळ्यांचे पुडके दिले. पिकलेली राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली ही वसईची खासियत. "आता दात लावून खा," तो म्हणाला. फेब्रुवारीत मी वर्गात उभा राहिलो.

मी ज्या महिन्यात मऊ भातावर होतो त्याच महिन्यात, म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये, झारखंडातल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते मी बरा झाल्यावर वाचले. क्षयरोग्यांच्या घरी महिन्याला पुरेसे धान्य-डाळ पोचवली, तर घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. आणि ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी झाले. मद्रासने सांगितले की औषध घरी देता येते. झारखंडाने सांगितले की औषधाबरोबर घरात अन्नही हवे. दोन्ही खरे. तिसरी गोष्ट मी माझ्या अल्प अनुभवावरून जोडतो : ते अन्न कोणी तरी हाताने आणून समोर बसून खाऊ घालणारे हवे. सहा महिने म्हणजे एकशे ऐंशी सकाळी. पहिल्या महिन्यात माणूस भीतीने गोळी घेतो. तिसऱ्या महिन्यात बरे वाटू लागते आणि गोळी नकोशी होते. नेमक्या तिथेच पुष्कळांची वाट सुटते, आणि अर्धवट मारलेला जंतू औषधाला न जुमानणारा होऊन परत येतो. त्या वळणावर दारात उभे राहणारे माणूस लागते.

ते माणूस ख्रिस्तीच असावे असे नाही. मुसलमान असो, वारकरी असो, कोणीही असो. माझ्या वाट्याला ती सात घरे आली, म्हणून त्यांची हकीगत सांगितली. आपल्या गल्लीत, आपल्या चाळीत, वरच्या मजल्यावर कोणी तरी या वर्षी पथ्यावर असेलच. त्याला फराळाचे ताट पाठवू नका. त्याला ते पाहून जास्तच वाईट वाटेल. वाटीभर मऊ भात न्या, तूप-मीठ त्याला विचारून घाला, आणि त्याचे होईपर्यंत शेजारी बसा. बोलायला क्रिकेट आहेच.

ही दिवाळी आपणा सर्वांना सुखाची, आणि पचेल तेवढ्या फराळाची जावो!